'७.६' नंतर काय?

सप्टेंबर २०२३, हांगझोऊची आशियाई क्रीडा स्पर्धा. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) अंतिम फेरीत कोल्हापूरचा नेमबाज स्वप्नील कुसाळे आघाडीवर होता. पदक हाताशी आले असताना उभ्याने मारलेली एक गोळी अवघ्या ७.६ गुणांवर गेली आणि तो थेट चौथा आला. आदल्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच होता.

वर्षानुवर्षे घोटलेला नेम पदक हाताशी आल्यावरच का चुकतो? सरावाने हात आपले काम आपोआप करू लागतो. पदक डोळ्यांसमोर नाचू लागले की मन त्या हातावर पाळत ठेवायला लागते, आणि घोटाळा तिथेच होतो. पाठ असलेला सतराचा पाढा परीक्षकासमोर मध्येच अडकतो, तसाच हा प्रकार.

१ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, शातोरूच्या रेंजवर गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा स्वप्नील सहावा होता, झोपून मारल्यावर पाचवा. उरली होती ती उभी स्थिती, हांगझोऊत दगा दिलेली. तिथेच तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेऊन परतला. गुणफलकाकडे पाहिलेच नाही, लक्ष श्वासावर होते, असे त्याने नंतर सांगितले.

दडपणाखाली मन असे स्थिर ठेवायला शिकवणारी माणसे असतात, आणि क्रीडा मानसशास्त्र हा त्यांचा व्यवसाय आहे.

महाराष्ट्राला तो नवा नाही. नाशिकचे भीष्मराज बाम मूळचे पोलीस अधिकारी. योगाची जोड देत त्यांनी अंजली भागवत, राहुल द्रविड यांच्यासारख्या खेळाडूंना मार्गदर्शन केले. २०१७ मध्ये ते गेले.

या वाटेला जायचे तर बारावीनंतर मानसशास्त्राची पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण. इंफाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात क्रीडा मानसशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मात्र एक फरक आधीच समजून घ्यावा. एकाग्रतेचा सराव करून घेणे वेगळे, नैराश्यावर उपचार करणे वेगळे. उपचारांसाठी क्लिनिकल सायकॉलॉजीचे शिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. हा फरक केवळ कागदोपत्री नाही: २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधील सुवर्णानंतर आपल्याला पोकळी आणि नैराश्य जाणवले, हे नेमबाज अभिनव बिंद्राने स्वतः उघडपणे सांगितले आहे. म्हणजे जिंकलेला खेळाडूही उपचारांसाठी दारात येऊ शकतो.

पालकांचा पुढचा प्रश्न पगाराचा, आणि तो रास्तच आहे. कायमच्या नोकऱ्या मोजक्या. बरेच काम अकादमी, संघटना किंवा खेळाडूंकडून कराराने मिळते. पहिली काही वर्षे शाळेतल्या समुपदेशनाची जोड ठेवावी लागेल.

प्रवेश घेण्याआधी एक उन्हाळा जवळच्या तालमीत किंवा पोहण्याच्या तलावावर काढावा. स्पर्धा संपल्यावर हरलेल्या पोराशी त्याचे आईबाप काय बोलतात, ते तिथे ऐकायला मिळते.