जपानी भाषेची मधली पायरी आणि आपली मराठी



चौसाळा परिसरातून पुढील शिक्षणासाठी पुण्यास जाणाऱ्या मुलामुलींना जपानी भाषेचे नाव आता नवे राहिलेले नाही. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात व टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकविले जाते. परंतु आपल्याकडील विद्यार्थ्याच्या मनात एक शंका हमखास असते : "आमचे इंग्रजीच कच्चे, मग जपानी कसे जमणार?" या शंकेचे उत्तर देणे हा या लेखाचा हेतू आहे. जपानीची मधली पायरी चढताना मराठी माध्यमाचा विद्यार्थी मागे नसतो. काही बाबतींत तर तो दोन पावले पुढेच असतो. फक्त आपल्या हातात काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मधली पायरी म्हणजे काय?

जपानी भाषेची प्रवीणता परीक्षा १९८४ साली सुरू झाली. २००९ पर्यंत तिच्या चार पातळ्या होत्या. तिसऱ्या पातळीस सुमारे ३०० चित्राक्षरे व १,५०० शब्द लागत, तर तिच्या वरच्या दुसऱ्या पातळीस एकदम सुमारे १,००० चित्राक्षरे व ६,००० शब्द! या दोहोंमधील दरीत अनेक विद्यार्थी अडकून पडत. म्हणून २०१० पासून पाच पातळ्या करण्यात आल्या आणि मध्ये 'एन-३' ही नवी पायरी घातली गेली. पुणे हेही या परीक्षेचे एक केंद्र आहे.

परदेशी विद्यापीठांत जपानी हा मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी जपान सरकारची सुमारे एक वर्षाची शिष्यवृत्ती असते. भारतात तिची निवड जपानी दूतावासामार्फत होते. तेथे गेल्यावर चाचणी घेऊन वर्ग ठरवितात. मधल्या वर्गास 'चूक्यू' म्हणतात. खरी कसोटी येथेच लागते, कारण पुस्तकातील सोपी वाक्ये संपलेली असतात आणि बाहेरचे बोलणे अजून कानात बसलेले नसते.

मराठी कोठे उपयोगी पडते?

१) वाक्याची ठेवण : जपानीत क्रियापद शेवटी येते व विभक्तीचे प्रत्यय नामानंतर लागतात. हे आपल्याला शिकवावेच लागत नाही. 'काल आलेला पाहुणा' हे जपानीत 'किनो किता ओक्याकुसान' असे, त्याच क्रमाने होते. इंग्रजीतून विचार करणारा येथे 'पाहुणा, जो काल आला' असा उलटा फेरा घेतो. तसेच 'येतो म्हणाला' हे 'कुरु तो इइमाशिता' असे सरळ होते. काळ बदलण्याची कटकट नाही.

२) जोड क्रियापदे : मधल्या पायरीचा हा मोठा धडा. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणे, 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे, 'योन्दे मोराउ' म्हणजे वाचून घेणे. पाहणे, ठेवणे, टाकणे, घेणे ही आपलीच क्रियापदे जणू जपानी वेशात उभी आहेत. इंग्रजी टिपणांत प्रत्येकासाठी परिच्छेदभर स्पष्टीकरण असते. आपल्याला एक मराठी शब्द पुरतो.

३) क्रियापदांच्या जोड्या : पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, विझणे-विझवणे यांप्रमाणे जपानीत ओचिरु-ओतोसु, किरेरु-किरु, किएरु-केसु अशा जोड्या आहेत. या विषयावर मूळ मराठी भाषक असलेले प्रा. प्रशांत परदेशी यांनी टोकियो येथील राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेत महत्त्वाचे काम केले आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट होय.

४) पुस्तकी व बोली रूप : आपण लिहिताना 'काय करीत आहेस' लिहितो आणि गावात 'काय करायलास' म्हणतो. जपानीतही पुस्तकातील 'शिते इरु' बोलताना 'शितेरु' होते. ओसाकाकडे गेल्यास 'दामे' ऐवजी 'आकान' ऐकू येते. ज्याने घरची बोली व शाळेची भाषा दोन्ही सांभाळल्या आहेत, त्याने यास घाबरण्याचे कारण नाही.

मराठी कोठे फसवते?

ही बाजूही तितकीच ध्यानात ठेवावी. आपल्या हातून कप फुटला तर आपण 'कप फुटला' म्हणतो, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. जपानी घरात पाहुणा म्हणून राहताना 'कोप्पु गा वारेमाशिता' असे म्हटल्यास, हा जबाबदारी टाळतो आहे, असे यजमानास वाटू शकते. तेथे 'कोप्पु ओ वात्ते शिमाइमाशिता', म्हणजे 'मी फोडला', असेच म्हणावे. व्याकरणाची जोडी पाठ असूनही कोणती वापरावी हे न कळल्यास माणसाविषयी गैरसमज होतो.

दुसरे, 'देणे'. मराठीत मी तुला देतो, तू मला देतोस, क्रियापद एकच. जपानीत मी दुसऱ्यास दिले तर 'आगेरु' आणि दुसऱ्याने मला दिले तर 'कुरेरु'. कोणी आपल्याला पत्र वाचून दाखविले तर 'योन्दे कुरेरु' म्हणावे. 'कुरेरु'मध्ये उपकाराची जाणीव आहे. ती सुटली तर बोलणे कोरडे वाटते.

तिसरे, आदर. आपण वडीलधाऱ्यांना सर्वत्र आदरार्थी बोलतो. 'साहेब बाहेर गेले आहेत' असे कोणालाही सांगतो. जपानीत मात्र बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या माणसाविषयी नम्र रूप वापरतात. कार्यालयात बाहेरचा फोन आला तर आपल्या साहेबांच्या नावापुढील 'सान' सुद्धा गाळतात. आईला हाक मारताना 'ओकासान', पण परक्यांपुढे तिचा उल्लेख 'हाहा'. यात अनादर नाही. कोण आतला व कोण बाहेरचा, यावर तेथे भाषा ठरते.

चित्राक्षरे व वर्णमाला

चित्राक्षरांना मात्र मराठीचा टेकू नाही. नित्य वापराच्या सरकारी यादीत २०१० पासून २,१३६ चित्राक्षरे आहेत. जपानी मुले त्यांतील १,०२६ प्राथमिक शाळेतच शिकतात. रोज थोडी लिहावीत, सुटी न लिहिता शब्दांत लिहावीत, आणि जुनी पुन्हा पुन्हा गिरवावीत. याला आडवाट नाही.

पण शब्दकोश उघडताना एक आपलेपणा भेटेल. जपानी अक्षरांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना असा आहे. बौद्ध भिक्खूंनी संस्कृतसाठी जतन केलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून हा क्रम आला. भारतीय भिक्खू बोधिसेन इ.स. ७३६ मध्ये जपानला गेले व ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी त्यांच्या हस्ते झाला. क्षणास 'सेत्सुना', नरकास 'नाराकु', ध्यानास 'झेन' हे शब्द त्याच धम्ममार्गाने तेथे पोहोचले. कोयासान विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला, हे या जुन्या नात्याचे नवे पान होय.

शेवटी

पुण्यात जपानी शिकून विद्यार्थी म्हणून जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा नगरसभेवर निवडून आले. मराठी माणूस त्या भाषेत केवळ नोकरी करीत नाही, लोकांपुढे उभा राहून बोलूही शकतो, हे त्यावरून दिसते.

म्हणून मित्रहो, एक वही करा. डावीकडे जपानी वाक्य, उजवीकडे त्याचे आपल्या बोलीतील मराठी. जेथे दोन्ही जुळतात तेथे पुढे चला. जेथे जुळत नाहीत तेथे थांबून खूण करा, कारण खरा अभ्यास तेथेच आहे. इंग्रजी जरूर शिका, पण ते आल्याशिवाय जपानीच्या दारात उभे राहता येत नाही, हा न्यूनगंड सोडून द्या. आईकडून मिळालेली भाषा ही तुमची पहिली पायरी आहे. तिच्यावर पाय भक्कम रोवूनच पुढची पायरी चढा.