एकाच केबलने सर्व भागेल काय?

आमची मोसंबीची बाग आहे. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे वडिलांना बॅटरी घेऊन पाणी द्यायला जावे लागते. जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या मुलांना हे सांगायला नको. गेल्या हिवाळ्यात एका रात्री त्यांची बॅटरी बागेतच विझली. दिवसभर ती चार्जिंगला होती आणि लावणारा मीच होतो. केबल नव्या मोबाईलची होती. पिन चपखल बसली होती. "तू तर कॉलेजात शिकतोस ना?" एवढेच वडील म्हणाले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले, ते येथे मांडतो.

न जुळणाऱ्या जोडणीचा त्रास आपल्या भागाला जुना आहे. जालन्यावरून जाणारा हैदराबाद-मनमाड लोहमार्ग मीटरगेज होता. त्याच्या रुळांतील अंतर १ मीटर, तर मुंबईकडील ब्रॉडगेजचे १.६७६ मीटर. म्हणून मनमाडला गाडी बदलावी लागे. १९९०च्या दशकात आपला मार्ग रुंद झाला आणि तो त्रास संपला. रुळांतील फरक निदान डोळ्यांना दिसत होता. केबलीत मात्र तोंड सारखे असते आणि फरक आत दडलेला असतो.

यूएसबीचा पहिला आराखडा १९९६ साली प्रसिद्ध झाला. इंटेल कंपनीतील भारतीय वंशाचे अभियंते अजय भट्ट यांचा त्यात मोठा वाटा होता. मूळ केबलीत चार तारा असत : दोन विजेसाठी, दोन माहितीसाठी. काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा नसतातच. त्यांनी मोबाईल चार्ज होतो, पण त्यातील फोटो संगणकात जात नाहीत. सुलट-उलट कशीही बसणारी टाइप-सी पिन २०१४ साली आली.

आता आमच्या बॅटरीकडे वळू. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली, की चार्जर लगेच वीज सोडत नाही. समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचा रोधक आहे काय, हे तो आधी पाहतो. 'मी वीज घेणारा आहे' अशी ती खूण असते. स्वस्त उपकरणांत हा रोधक कधी कधी बसवलेलाच नसतो. खूण नाही, म्हणून वीज नाही. जुनी, एका टोकाला चपटी पिन असलेली केबल व तिचा चार्जर मात्र न विचारता ५ व्होल्ट देतात. त्या केबलीवर आमची बॅटरी नीट चार्ज झाली.

मोठ्या चार्जरने लहान उपकरण जळेल, अशी भीती अनेकांना वाटते. चांगला टाइप-सी चार्जर ५ व्होल्टपासूनच सुरुवात करतो. ९, १५ किंवा २० व्होल्ट उपकरणाने मागितले तरच देतो. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंत वीज वाहते. त्याहून अधिक वीज घेणाऱ्या लॅपटॉपला ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. साध्या केबलीवर तो सावकाश चार्ज होईल, इतकेच. मात्र तापणारी किंवा सोललेली केबल टाकून द्यावी.

खरा धोका गोल पिनेत आहे. फवारणी पंपाच्या चार्जरची पिन दुसऱ्या उपकरणात बसू शकते. तेथे कोणी कोणाला विचारत नाही. असतील तेवढे व्होल्ट सरळ आत जातात. म्हणून चार्जरवरील व्होल्टचा आकडा आणि धन-ऋण खूण वाचल्याशिवाय अदलाबदल करू नये.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलसाठी टाइप-सी सक्तीची केली. भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण तोंड एक झाले तरी आतली खूणही सर्वांनी पाळली पाहिजे. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूवरही कुणाची तरी रात्र अवलंबून असते.

तात्पर्य, यूएसबी केबलींची अदलाबदल करावी. पण रात्रीच्या भरवशाची वस्तू चार्ज होते की नाही, हे दिवसा पाहून घ्यावे. आमच्या बॅटरीला जुनी केबल आता दोऱ्याने बांधून ठेवली आहे.