संगणकाचे अपडेट : दुकानदाराने काय पाहावे?

हिशेबाची वही संगणकात आणि पैशांची देवघेव मोबाइलवर आल्यापासून लहान दुकानदार व कारागिरांनाही 'अपडेट' हा शब्द रोजचा झाला आहे. पडद्यावर सूचना येते, गिऱ्हाईक समोर उभे असते आणि आपण ती सूचना बाजूला सारतो. नेट खर्च होईल, मशीन हळू चालेल, बिलाचा प्रोग्रॅम बंद पडेल, अशी धास्ती असते. ही धास्ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु अपडेट न घेतल्याने होणारे नुकसान त्याहून मोठे असू शकते. म्हणून अपडेट कोण पाठवतो, ते केव्हा येते, थांबवणे आपल्या हाती कितपत आहे आणि बिघडल्यास मागे फिरता येते का, या चार गोष्टी प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्याव्यात.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि त्यावरील प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसून सर्व कारभार पाहणारी मूळ व्यवस्था. विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड ही तिची प्रचलित नावे. तिचे अपडेट दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार सुरक्षेच्या दुरुस्तीचा. चोराला आत शिरता येईल अशी फट सापडली की ती बुजवण्यासाठी हे अपडेट येते. दुसरा प्रकार नव्या आवृत्तीचा. त्यात रूप बदलते आणि नव्या सोयी येतात. पहिले लांबणीवर टाकू नये. दुसऱ्याची घाई करू नये.

दोन महिन्यांची दिरंगाई

विंडोजमधील एक गंभीर फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्रॅम त्याच फटीतून जगभरच्या संगणकांत शिरला. फायली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी तो ३०० डॉलर खंडणी मागत असे. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली, त्यांच्या संगणकात या फटीतून शिरण्याची वाट बंद झाली होती.

विंडोज : तारीख कंपनीची

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा दुरुस्त्या देते. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्र. त्यामुळे बुधवारी दुकान उघडताच सूचना दिसते. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला संपते. अनेकदा हे दोन्ही एकाच आठवड्यात येतात, हे ध्यानात ठेवावे.

विंडोजच्या होम आवृत्तीत अपडेट कायमचे नाकारण्याची सोय नाही. फक्त ३५ दिवसांपर्यंत थांबवता येते. मात्र 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' या ठिकाणी दुकानाची वेळ भरून ठेवल्यास त्या वेळेत मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. नवी आवृत्ती पसंत न पडल्यास साधारण १० दिवसांच्या आत मागे फिरता येते.

नव्या आवृत्तीची घाई का करू नये, याचा दाखला ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाला. विंडोज १० च्या त्या आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या फायलीच पुसल्या. कंपनीला ती काही दिवसांतच थांबवून पुढच्या महिन्यात दुरुस्त करून द्यावी लागली.

विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज १० साठी नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा दुरुस्त्यांची आणखी एक वर्षाची सवलत देण्यात आली. मुदत संपलेले मशीन चालू राहते, पण नवी फट सापडली तर ती उघडीच राहते.

मॅक : यंत्र आणि व्यवस्था एकाच घरची

अ‍ॅपल यंत्रही बनवते आणि ऑपरेटिंग सिस्टिमही. त्यामुळे मध्ये कोणी नसतो आणि अपडेट थेट मिळते. दरवर्षी नवी आवृत्ती येते. २०१३ पासून ती मोफत आहे. सर्वसाधारणपणे चालू आवृत्ती आणि तिच्या आधीच्या दोन, अशा तीन आवृत्त्यांना सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. नव्या आवृत्तीवरून जुनीवर परतणे मात्र सोपे नाही. आधी बॅकअप घेतलेला असावा लागतो.

लिनक्स : सर्व माल एकाच भांडारातून

लिनक्सचा एकच मालक नाही. डेबियन १९९३ पासून आणि उबुंटू २००४ पासून लोकांच्या हाती आहे. येथे ऑपरेटिंग सिस्टिमबरोबरच बहुतेक प्रोग्रॅमही एकाच भांडारातून येतात आणि त्यावर डिजिटल मोहोर असते. मोहोर जुळली नाही तर मशीन हरकत घेते. 'आप्ट' या साधनाने भांडारातले सर्व प्रोग्रॅम एकाच वेळी अद्ययावत होतात. बहुतेक अपडेट काम चालू असतानाच बसते. गाभा, म्हणजे कर्नल, बदलला तर रीस्टार्ट लागतो आणि तो केव्हा करायचा हे सहसा आपण ठरवतो. नवा कर्नल नीट चालला नाही, तर सुरुवातीलाच जुना निवडता येतो. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे मोफत दुरुस्त्या मिळतात.

अडचण वेगळी आहे. टॅली विंडोजसाठी बनते आणि काही प्रिंटर लिनक्सवर नीट चालत नाहीत. म्हणून आपला प्रोग्रॅम आणि प्रिंटर चालतो का, हे आधी तपासावे.

अँड्रॉइड : अनेक हातांतून येणारा माल

ऑगस्ट २०१५ पासून गूगल दरमहा सुरक्षा दुरुस्त्या जाहीर करते. पण ती दुरुस्ती चिप बनवणारा आणि फोन बनवणारा यांच्या हातून आपल्यापर्यंत येते. वाटेत महिने जातात आणि अनेक स्वस्त फोनांना काही वर्षांतच अपडेट येणे थांबते. याउलट गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. ज्या फोनवर यूपीआयचे पैसे येतात, त्या फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख पाहावी. ती फार जुनी असेल आणि नवे अपडेट येत नसेल, तर पैशांचे व्यवहार दुसऱ्या फोनवर न्यावेत.

अपडेटच्याच वाटेने आलेला चोर

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. युक्रेनमधील कराच्या हिशेबाचा 'एम.ई.डॉक' हा प्रोग्रॅम तेथील असंख्य कंपन्या वापरत. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेट पाठवणाऱ्या संगणकात शिरकाव केला आणि २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' पसरला. तो वॉनाक्रायच्याच फटीचा उपयोग करी, शिवाय एका मशीनमधील पासवर्ड चोरून दुसऱ्यात शिरे; म्हणून दुरुस्ती बसवलेले संगणकही सापडले. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे काम कोलमडले. आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामही अडले. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. या कंपनीच्या जाळ्याचा कळीचा तपशील अखेर घानातील एका संगणकात सापडला. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता, म्हणूनच वाचला. अपडेट घ्यावेच, पण तेवढ्यावर विसंबू नये. जोडणी काढून ठेवलेला बॅकअप हाच शेवटचा आधार असतो.

दुकानासाठी नियम

१) आपल्या मशीनवर कोणती आवृत्ती आहे आणि तिची मुदत केव्हा संपते, हे वहीत लिहून ठेवावे. जुने मशीन विकत घेतानाही हाच प्रश्न आधी विचारावा.

२) सुरक्षा दुरुस्ती शक्यतो आठवड्याच्या आत बसवावी. नव्या आवृत्तीसाठी महिना-दोन महिने थांबून, बिलाचा प्रोग्रॅम तीवर चालतो का हे विक्रेत्याला विचारावे.

३) अपडेट दुकान बंद झाल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी करावे. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी करू नये. अपडेट चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस असावा.

४) आधी हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि ती काढून ठेवावी.

५) अपडेट सेटिंग्जमधून किंवा प्रोग्रॅमच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल किंवा इंटरनेटच्या पानावर उडी मारणारी सूचना हे अपडेट नव्हे.

६) विनापरवाना विंडोज टाकून देणारा अनेकदा अपडेट बंदच करून देतो. त्यात परवान्याचे पैसे वाचलेले दिसतात. पण दुसऱ्याचा माल फुकट वापरला जातो आणि आपली तिजोरीही उघडी राहते. परवान्याचा खर्च झेपत नसेल आणि काम भागत असेल, तर लिनक्स मोफत आणि कायदेशीर आहे.

महिन्यातून एक तास या कामासाठी राखून ठेवावा आणि ते दुकानातील एका विश्वासू माणसाकडे सोपवावे. वर्षभराची उधारी, साठा आणि कराचा हिशेब सुरक्षित राहण्यासाठी हा वेळ फार नाही.