रोजचा अर्धा तास : सूतकताई, विणकाम आणि गृहस्थाचे मन

घर, नोकरी, मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांची औषधे आणि मोबाईलवर सतत येणारे संदेश, यांत दिवस कधी संपतो ते कळत नाही. अशा वेळी कोणी छंदाविषयी बोलले की अनेकांना वाटते, ही रिकाम्या माणसांची कामे आहेत. या लेखात आपण दोन जुन्या हस्तकलांचा विचार करणार आहोत : हाताने सूत कातणे आणि दोन सुयांवर लोकर विणणे. दोन्ही गोष्टी घरात बसून, थोड्या साधनांत आणि तुटक तुटक वेळेत करता येतात. त्या कशा सुरू कराव्यात, त्यांतून मनाला कोणते वळण लागते आणि कुटुंबात त्यांना जागा कशी मिळते, हे क्रमाने पाहू.

१. कामाच्या मधल्या जागेत बसणारे काम

चरखा येण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस टकळीवर सूत कातत आला आहे. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळ मेंढ्यांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातत आले आहेत. महाराष्ट्रातील धनगर समाजातही मेंढ्यांची लोकर कातून तिच्यापासून घोंगडी विणण्याची जुनी परंपरा आहे. या लोकांजवळ मोकळा वेळ भरपूर होता असे मुळीच नाही. मेंढरे राखणे, स्वयंपाक, पाणी, मुले हे सगळे सांभाळून कताई चालत असे. टकळी हातात मावते आणि कोणत्याही क्षणी थांबवता येते, म्हणून ती मधल्या जागेत बसत असे.

आपल्या दिवसातही अशा जागा असतात. कुकरच्या शिट्या होईपर्यंतचा वेळ, मुलाचा क्लास सुटेपर्यंतचा वेळ, दवाखान्यात नंबर लागेपर्यंतचा वेळ. आज या जागा बहुतेक मोबाईलने भरल्या आहेत.

२. पन्नाशीच्या सुमारास शिकलेली विद्या

'आता या वयात काय शिकायचे?' असे अनेक जण म्हणतात. महात्मा गांधींनी १९०९ मध्ये 'हिंद स्वराज्य' लिहिले, त्या काळात आपण चरखा प्रत्यक्ष पाहिल्याचे आठवत नाही, असे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी खूप शोध घेऊन बडोदा संस्थानातील विजापूर येथे चरखे शोधून काढले. तेथे ते माळ्यावर अडगळीत पडलेले होते. गांधीजी कातायला शिकले तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते. नंतर कातणे हा त्यांचा नित्यनेम झाला आणि त्याला ते यज्ञ म्हणत. येरवडा तुरुंगात असताना पेटीत मिटवून प्रवासात नेता येईल अशा चरख्यावर त्यांनी काम केले. तो 'येरवडा चक्र' या नावाने प्रसिद्ध झाला.

१९२४ च्या बेळगाव अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदाने महिन्याला २,००० वार सूत द्यावे असे ठरले होते. हा आकडा मोठा वाटतो. पण ३० दिवसांत वाटला तर रोज साधारण ६७ वार, म्हणजे सुमारे ६१ मीटर होतात. हात बसलेल्या माणसाला चरख्यावर एवढ्या सुतासाठी अर्धा तास पुरेसा असतो.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रवींद्रनाथ टागोर यांनी १९२५ मध्ये 'मॉडर्न रिव्ह्यू' या मासिकात चरख्याच्या आग्रहावर टीका केली. सर्वांना एकाच साच्यात बसवून तीच ती क्रिया करायला लावली तर मन जड होते, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी त्याला 'यंग इंडिया'तून आदराने उत्तर दिले. आपल्यासाठी यातून एक बोध घेण्यासारखा आहे. एकच क्रिया आवडीने स्वीकारली तर ती मनाला विसावा देते, आणि लादली तर ओझे होते. म्हणून आपला छंद घरातल्या दुसऱ्या कोणावर लादू नये.

३. टकळीवर पहिले सूत

कापूस लोढून सरकी वेगळी करतात, मग तो पिंजतात आणि त्याचे पेळू करतात. सुरुवातीला तयार पेळू घेणे सोयीचे. टकळी म्हणजे एक बारीक काडी आणि तिला खालच्या बाजूला एक चकती. वरच्या टोकाला धागा अडकवण्यासाठी खाच किंवा आकडा असतो.

आधी वीतभर तयार धागा टकळीला बांधून घ्यावा. त्याचे मोकळे टोक पेळूच्या तंतूंना लावावे. पेळू एका हातात हलका धरावा आणि दुसऱ्या हाताने टकळी फिरवावी. पीळ धाग्यातून वर चढू लागला की पेळूचा हात सावकाश मागे घ्यावा. हातभर सूत झाले की ते टकळीवर गुंडाळावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

पहिल्या दिवशी सूत वारंवार तुटते. तुटण्यामागे बहुधा दोन कारणे असतात : पीळ कमी पडला किंवा पेळू घाईने ओढला. पीळ जास्त झाला तर सूत स्वतःभोवतीच वळून गाठी धरते. पेळू घट्ट आवळला तर तंतू सुटतच नाहीत. म्हणजे हाताला सतत मधला मार्ग शोधावा लागतो, आणि तो शब्दांनी शिकवता येत नाही. तुटलेले टोक थोडे उकलून पेळूच्या तंतूंवर ठेवले आणि पीळ दिला की सूत पुन्हा जुळते. दहा वेळा तुटले तर दहा वेळा जोडावे. रागावून केले तर ते जुळत नाही, हे प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात समजते.

४. दोन सुया आणि एक लोकरीचा गुंडा

विणकामाचे मूळ टाके दोनच आहेत, सुलट आणि उलट. स्वेटरवरची बहुतेक नक्षी यांच्याच मेळातून तयार होते. शिकणाऱ्याने मध्यम जाडीची, फिकट रंगाची लोकर घ्यावी, कारण गडद रंगात टाके नीट दिसत नाहीत. आपल्याकडे सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते. सुरुवातीला आठ नंबरच्या सुया ठीक पडतात.

प्रत्येक ओळ सुलट टाक्यांनी विणली तर कापड सपाट राहते, कडा वळत नाहीत. म्हणून पहिला मफलर असाच करावा. चाळीस टाक्यांची ओळ धरली तर सुमारे चारशे ओळींत मीटरभर मफलर होतो. एकूण टाके झाले सोळा हजार. ऐकून दडपण येते, पण रोज दहा ओळी म्हणजे चारशे टाके विणले तर चाळीस दिवसांत काम पूर्ण होते. थांबायचे असेल तर ओळ संपवून थांबावे, म्हणजे टाके सुईवरून निसटत नाहीत. घरात लहान मूल असेल तर सुया आणि टकळी दोन्ही उंच जागी ठेवाव्यात.

५. वहीत न मावणारा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. आमच्या अभ्यासात संधी-खर्च नावाची कल्पना असते. एका कामाला दिलेल्या वेळात दुसरे काय मिळाले असते, तो त्या कामाचा खरा खर्च. या दृष्टीने पाहिले तर हाताने विणलेला स्वेटर तोट्यात जातो. नुसत्या लोकरीच्या किमतीत कधी कधी बाजारात तयार स्वेटर मिळतो. सुताचेही तसेच आहे. सेंटीमीटरला पंधरा उभे आणि पंधरा आडवे धागे धरले तर एक चौरस मीटर कापडाला साधारण तीन हजार मीटर सूत लागते. खादीच्या मापात एक गुंडी म्हणजे हजार मीटर, म्हणजे तीन गुंड्या झाल्या. रोज साठ मीटर कातणाऱ्याला त्यासाठी पन्नास दिवस हवेत, आणि विणणे त्यापुढे. पैसे वाचतील या अपेक्षेने कोणी हा छंद धरला तर निराशा होईल. हे आधीच स्पष्ट असलेले बरे.

पण त्याच अर्ध्या तासाचा संधी-खर्च प्रत्यक्षात काय असतो? बहुतेक घरांत तो अर्धा तास मोबाईलवर जातो. विणताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे मोबाईल आपोआप बाजूला राहतो. डोळे आणि कान मात्र मोकळे असतात. मूल शाळेतली गोष्ट सांगत असेल तर ती ऐकता येते. वडील जुन्या आठवणी सांगत असतील तर त्यांच्याजवळ बसता येते.

आमच्या विषयातली दुसरी कल्पना बुडालेल्या खर्चाची. जे खर्च होऊन गेले आहे, त्यापायी पुढचा निर्णय चुकवू नये. वीस ओळी विणल्यावर खालच्या ओळीत टाका सुटलेला दिसला की मन म्हणते, 'चालेल, कोणाला दिसणार आहे?' एखादा टाका क्रोशाच्या सुईने वर उचलून घेता येतो. चूक मोठी असेल तर उसवावे लागते. उसवल्यावर लोकर तशीच शिल्लक राहते आणि हाताला आलेले कौशल्यही राहते. घरातले वादही पुष्कळदा असेच असतात. केवळ आपण आजवर ताणून धरले म्हणून पुढेही ताणत राहायचे का, हा विचार करण्यासारखा आहे.

६. हा अर्धा तास कोणाचा?

समजा, एका घरात आईने रोज संध्याकाळी अर्धा तास विणायला बसायचे ठरवले. त्याच वेळी चहा हवा असतो, दूध तापवायचे असते, मुलांच्या वह्या बघायच्या असतात. घरातल्या कोणी ही कामे उचलली नाहीत तर आईचा छंद तिच्या झोपेतून वजा होतो. मग घरातले लोक कौतुकाने म्हणतात, 'आमची आई सगळे सांभाळून विणते.' या वाक्यातील 'सगळे सांभाळून' हे शब्द तपासून पाहावेत. छंदासाठी वेळ काढणे ही एकट्या व्यक्तीच्या इच्छाशक्तीची परीक्षा नसावी. तो वेळ कुटुंबाने मिळून द्यायचा असतो.

वडिलांनी सूत कातायला बसणे आणि मुलाने विणणे यातही काही वावगे नाही. कताई हे स्त्रियांचे काम मानले जात असतानाच गांधीजी आणि विनोबा रोज कातत होते.

७. तीन सावधगिरीच्या गोष्टी

साठवण : नवी लोकर पाहिली की घ्यावीशी वाटते. हातातले काम पूर्ण झाल्याशिवाय नवी खरेदी करू नये.

प्रदर्शन : प्रत्येक टप्प्याचा फोटो लोकांना पाठवला की लक्ष हातावरून प्रतिसादांकडे जाते. काम पूर्ण झाल्यावर दाखवावे.

पळवाट : घरात बोलणे आवश्यक असताना सुयांमागे लपू नये. मौन आणि अबोला यांत फरक आहे.

या आठवड्याचा अभ्यास

१. कुटुंबासोबत बसून दिवसातील एक वेळ ठरवा. सुरुवातीला पंधरा मिनिटे पुरेत. त्या वेळेतील आपली कामे कोण करेल, हेही तेव्हाच ठरवा.

२. टकळी किंवा सुया यांपैकी एकच निवडा.

३. पाठ सरळ ठेवून, खांदे सैल सोडून बसा. मनगट दुखू लागले की थांबा.

४. सूत तुटले किंवा टाका सुटला की पुन्हा सुरू करण्याआधी एक श्वास सावकाश घ्या.

५. पहिली तयार वस्तू, मग ती कितीही ओबडधोबड असो, घरातील एखाद्या व्यक्तीला द्या.

चिंतनासाठी प्रश्न

माझ्या घरात कोणाला स्वतःचा असा वेळ अजिबात मिळत नाही? त्या व्यक्तीचे रोजचे कोणते एक काम मी उद्यापासून उचलू शकतो? एखादी गोष्ट बिघडली तर ती जोडायला मी किती वेळ देतो?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या व्यक्तीजवळ बसून, तिला विचारूनच घ्यावे.