सिरप बाटलीत भरताना

बर्लिंग्टन, वरमाँट
फेब्रुवारीअखेर

चि. अनिकेत,


गेल्या वर्षीच्या मेपल सिरपच्या बाटल्यांत तळाशी राखाडी गाळ बसलाय आणि एकीच्या तोंडाशी बुरशी आलीय, असं तू लिहिलंस. घर नवं, परसातली झाडं नवी, आणि पहिल्याच वर्षी रस काढून आटवलास, याचं मला कौतुकच आहे. पण पत्रावरून असं दिसतं की तू सगळा जीव आटवण्यात घातलास आणि भरायची वेळ आली तेव्हा दमून गेला होतास. चाळीसेक लिटर रस आटवावा तेव्हा कुठे लिटरभर सिरप हाती लागतं. एवढं करून शेवटचा अर्धा तास घाईत उरकणं परवडणारं नाही. यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे वाचून ठेव. तुमच्याकडे ओंटारिओत सेल्सिअस चालतं, म्हणून आमचे फॅरनहाइटचे आकडे बदलून लिहिते आहे.

आधी सिरप तयार झालं की नाही हे ठरवायला शीक. आजी बोटांत पाक धरून तार बघायची. बुंदीच्या लाडवांना ते पुरतं, इथे पुरत नाही. पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या साधारण ४ अंश वर सिरप होतं, म्हणजे समुद्रसपाटीला १०४ च्या आसपास. मात्र हवेचा दाब बदलला की पाणी उकळण्याचा आकडाही सरकतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने साधं पाणी उकळून बघायचं आणि तिथून वर मोजायचं. हायड्रोमीटर घेतलास तर आणखी उत्तम. साखर ६६ ते ६७ ब्रिक्स हवी. कॅनडात ६६ च्या खालचं सिरप विकता येत नाही, आमच्या वरमाँटात तर किमान ६६.९ लागतं. पातळ राहिलं तर ते आंबतं किंवा बुरशी धरतं. फार दाट झालं तर तळाशी खडीसाखर जमते.

तुझा राखाडी गाळ म्हणजे काही घाण नव्हे. रसातलं कॅल्शियम आणि मॅलिक आम्ल यांचा क्षार आटताना कणांच्या रूपात वेगळा होतो. इथले लोक त्याला ‘शुगर सँड’ म्हणतात. पोटात गेला तरी अपाय नाही, पण जिभेला कचकच लागते. तू वापरलेली मलमल त्याला अडवू शकत नाही. जाड फेल्टची गाळणी आण, तिच्या आत कागदी गाळणी घाल. फेल्ट आधी गरम पाण्यात भिजवून निथळून घे आणि सिरप कढत असतानाच ओत. थोडं निवलं तरी ते कापडातून उतरता उतरत नाही. थेंब थेंब पडताना बघून गाळणी पिळावीशी वाटेल. पिळू नकोस, अडकलेलं सगळं खाली येईल. आणि गाळणी धुताना साबण वापरायचा नाही, त्याचा वास पुढच्या खेपेच्या सिरपला येतो.

आता खरी गोष्ट. सिरप बाटलीत पडताना ८२ ते ८५ अंशांवर असायला हवं. ८२ च्या खाली गेलं तर बाटलीतले आणि झाकणातले बुरशीचे बीजाणू मरतीलच असं नाही. उलट गाळलेलं सिरप परत नव्वदीच्या पुढे नेलंस, उकळी येऊ दिलीस, तर क्षाराचे कण नव्याने तयार होतात आणि लख्ख गाळलेलं सिरप गढूळ होतं. गाळून झाल्यावर ‘एक उकळी काढली’ असं तू लिहिलं आहेस ना? गाळ बराचसा तिथूनच आला असणार. गाळताना सिरप निवतं, तेव्हा मंद आचेवर, ढवळत, ८५ पर्यंतच आण. भांड्यातला आकडा म्हणजे बाटलीतला आकडा नव्हे, हेही ध्यानात ठेव. गार काचेत ओतलंस तर तापमान झटकन उतरतं आणि काच तडकायचीही भीती. बाटल्या कढत पाण्याने धुऊन, कोरड्या करून कोमट ओव्हनमध्ये ठेवाव्यात आणि एकेक बाहेर काढावी.

गळ्यापर्यंत भर, वर हवा जेवढी कमी राहील तेवढं बरं. झाकण लगेच घट्ट लाव आणि बाटली दोनेक मिनिटं आडवी ठेव, म्हणजे गरम सिरप गळ्याला आणि झाकणाला आतून लागतं. माझी खात्री आहे, तुझी बुरशी तिथलीच आहे. झाकणं दर वर्षी नवी घ्यायची, यात काटकसर नको. लोणच्याच्या रिकाम्या बरण्याही नकोत. कितीही घासल्या तरी मेथी-मोहरीचा वास झाकणाच्या अस्तरात राहतोच. भरलेल्या बाटल्या लगेच खोक्यात दाटीने रचू नकोस. मधल्यांची ऊब तासन्‌तास निघत नाही आणि सिरप काळपट पडतं. हवा खेळेल इतकं अंतर ठेव.

प्लॅस्टिकचे जग आमच्याकडे सर्रास दिसतात, क्वेबेकमध्ये पत्र्याचे डबे. प्लॅस्टिकमधून हवा शिरते आणि काही महिन्यांत रंग गडद होतो. घरच्यासाठी काचच घे आणि अंधाऱ्या कपाटात ठेव.

हे सगळं मध्यरात्री करायची गरज नाही, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. गाळलेलं सिरप झाकून फ्रिजमध्ये ठेव आणि दोन-तीन खेपा जमल्या की निवांत दिवसा तापवून भर. मी मात्र हंगामाच्या सुरुवातीचं सोनेरी आणि शेवटचं गडद एकत्र करत नाही. पाहुण्यांना सोनेरी आवडतं. मला पोळीबरोबर गडदच लागतं. कळ्या फुगल्या की रस काढणं थांबव, त्या सिरपची चव बिघडलेली असते.

बुरशी आलेली बाटली टाकून दे. वरचा थर काढून परत उकळून खाणारे जुने लोक इथे आहेत. मी तुला तसं करू देणार नाही. उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवायची. आणि चांगला थर्मामीटर आजच घे, उकळत्या पाण्यात तपासून बघ, मगच झाडांना भोकं पाड.

तुझी,
आत्या