अंड्याचे कवच

नांदेड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात दिवेलागणीच्या सुमारास एक गमतीचे दृश्य पाहावयास मिळते. दिवसभर उकिरडा उकरून पोट भरलेल्या कोंबड्या खुराड्याकडे परतत असतात. पण त्यांतील एखादी मध्येच वळते आणि चुन्याने रंगविलेल्या जुन्या भिंतीचे पोपडे टोचू लागते. घरातील म्हातारी तिला हुसकावीत नाही. "अंड्यावर आलीय ती, खाऊ दे चुना," असे ती नातवाला सांगते. म्हातारीने शरीरशास्त्र वाचलेले नसते. पण तिचे म्हणणे अगदी बरोबर असते. भिंतीवरील चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू शोषून कालांतराने कॅल्शियम कार्बोनेट बनतो, आणि अंड्याचे कवचही बहुतांशी त्याच पदार्थाचे असते.

एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. हे प्रमाण कोंबडीच्या साऱ्या शरीरातील कॅल्शियमच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाइतके भरते. कवच तयार होण्यास सुमारे २० तास लागतात, आणि त्यातील बराचसा काळ रात्रीचा असतो. तेव्हा कोंबडी झोपलेली असते. पोटातील दाणे हळूहळू संपत येतात. रक्तात एका वेळी असलेले कॅल्शियम या कामाला जेमतेम पाव तास पुरेल इतकेच असते. मग उरलेले येते कोठून?

ते येते तिच्या स्वतःच्या हाडांतून. तलंग अंडी घालू लागण्यापूर्वी तिच्या बीजकोशातून स्त्रीमदजन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळू लागते. शरीरातील काही ग्रंथी जे रस थेट रक्तात सोडतात आणि ज्यांच्यामुळे दूरच्या अवयवांना कामाची आज्ञा मिळते, त्यांना संप्रेरके म्हणतात. स्त्रीमदजनाच्या आज्ञेने मांडीच्या व तंगडीच्या पोकळ हाडांत एक निराळेच, जाळीदार हाड तयार होते. हे तिचे कणगेच होय. सुगीत भरावे आणि टंचाईत उपसावे.

या कणग्याची किल्ली मानेतील परावटु ग्रंथींपाशी असते. रक्तातील कॅल्शियम थोडे कमी झाले, की या इवल्याशा ग्रंथी आपले संप्रेरक सोडतात; जाळीदार हाड विरघळू लागते आणि रक्ताची तूट भरून निघते. हाडातून कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही सुटतो. कवचाला त्याचा फारसा उपयोग नसल्याने मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. याच संप्रेरकाच्या सांगण्यावरून मूत्रपिंडे ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देतात, आणि मग आतडी अन्नातील कॅल्शियम अधिक शोषून घेतात. उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीच्या कातडीत हे जीवनसत्त्व आपोआप तयार होते. बंदिस्त कोंबडीला ते खाद्यातून द्यावे लागते.

परंतु कणगे रोज उपसले आणि भरले मात्र नाही, तर कोंबडी आपल्या इतर हाडांनाही हात घालते. ती लंगडू लागते, बसली की उठत नाही. कधी तिचे हाड सहज मोडते.

मराठवाड्याचा उन्हाळा ही आणखी एक अडचण. वैशाखात पारा ४२ अंशांच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि तशी ती थंड होते. पण धापेबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड भराभर निघून जातो आणि कवचाचा कार्बोनेट ज्यातून बनावयाचा, तो रक्तातील साठाच आटतो. त्यात उकाड्याने तिचे खाणेही कमी होते. अशा दिवसांत बाजारला नेलेल्या पाटीतील अंडी वाटेतच पिचकतात, आणि मीठमिरचीचे पैसे बुडतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी उन्हाने त्रासलेल्या कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजून पाहिले, आणि कवच सुधारलेले आढळले! खेड्यात मात्र सावली आणि माठाचे गार पाणीच बरे.

लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. जनावरांच्या व पक्ष्यांच्या शरीराचे असे व्यवहार तेथे विद्यार्थ्यांना शिकविले जातात. शिंपल्यांचा जाडसर चुरा मातीच्या परळात घालून खुराड्यापाशी ठेवला, तर कोंबडी सायंकाळी तो आपण होऊन टिपते. बारीक भुकटीपेक्षा जाड कण चांगले. ते पोटात रात्रभर टिकून सावकाश विरघळतात आणि हाडांतील साठ्यावर कमी ताण पडतो. सकाळी कोंबडी अंडे घालून ओरडत बाहेर पडते, तेव्हा परळातील चुरा थोडा कमी झालेला असतो.