अंजूर पाहावं ते खाडीच्या बाजूने

१. अंजूरफाटा म्हणजे अंजूर नव्हे. भिवंडीत ट्रकांची रांग कधी तुटत नाही तो नाका म्हणजे फाटा. गाव माणकोलीच्या अंगाला, उल्हासच्या खाडीकाठी आहे. बाहेरचे पाहुणे हमखास फाट्यावर उतरतात, म्हणून हे आधी सांगितलं.

२. तिथी पाहून निघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीचं पाणी बांधाला भिडतं आणि ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा फरक फारसा कळत नाही. बांधातली उघाडी जरूर पाहा. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू द्यायचं नाही आणि पावसाचं साचलेलं पाणी ओहोटीला बाहेर काढायचं, या एका युक्तीवर खाडीकाठचा भात पिकत आला.

३. वेळ द्यायचा तो नाईकांच्या वाड्याला. इथला सिद्धिविनायक पाहायला लोक येतात, पण गंगाजी नाईक अंजूरकरांची गोष्ट न ऐकताच परततात, याचं मला फार वाईट वाटतं. पोर्तुगीजांच्या अमलाखाली साष्टीतली रयत गांजली होती. गंगाजींनी भावांना हाताशी धरून पेशव्यांकडे दाद मागितली आणि माणसं जोडली. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी खाडी ओलांडून ठाणं घेतलं, मे १७३९ मध्ये वसई पडली. फौज पुण्याची असली तरी खाडीचे उतार इथल्याच माणसांना ठाऊक होते. साष्टीच्या बखरीत या घराण्याची हकिकत आहे. ती वाचून जा. वाडा घराण्याचा आहे, तेव्हा विचारूनच आत पाऊल टाकावं.

चिमाजीअप्पांनी वसईसाठी नवस केला ती वज्रेश्वरीही भिवंडी तालुक्यातच आहे. त्याच दिवशी उरकू नका.

४. वाटेत दिसणाऱ्या गोदामांवर चिडू नका. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे याच खाडीत मराठी आरमार आकाराला आलं. मुंबई-ठाण्याला जवळ आणि घाटाच्या वाटेवर, ही जागेची किंमत आजही तीच आहे. माल तेव्हा पडावातून जायचा, आता कंटेनरमधून जातो. चिडायचंच असेल तर तिवरांवर पडणाऱ्या भरावावर चिडा. खाडीचं पाणी पसरायची जागा तो गिळतो.

५. पाण्यावरच्या जुन्या वाहतुकीची आठवण जपताही येते. जर्मनीत पापेनबुर्ग नावाचं कालव्यांचं गाव आहे. १६३१ मध्ये दलदलीत वसलेलं. तिथे जुन्या धाटणीची जहाजं आजही गावातल्या कालव्यांत उभी दिसतात. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ५३ झाला, पण पडाव हाकणाऱ्या तांडेलांच्या आठवणी कुणी टिपून ठेवतो का? तुमच्या घरात खाडीवर राबलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि बंदरांची, उतारांची नावं लिहून घ्या.